माझा लाल पाय

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी डांगरी आहे. सदरा-विजार एकत्र शिवलेली, ढगळ. फिनलंडातल्या ओउलू शहरात माझं आयुष्य गेलं. शिवून आलो तेव्हा आम्ही दोनशे जणी होतो, सगळ्या सारख्या. तिथल्या विद्यापीठात प्रत्येक विभागाच्या पोरांची डांगरी वेगळ्या रंगाची; यंत्रविभागाची पोरं म्हणजे पिवळा रंग, हे ठरलेलंच. मग उठून दिसायचं कसं? तर कापडी बिल्ल्यांनी. ज्या कार्यक्रमाला जाल तिथला बिल्ला मिळतो, तो हातानं शिवायचा.

माझी मालकीण हेल्का पडली बुजरी. कार्यक्रमाच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. दोन वर्षांत बिल्ले किती? तीन! शेजारच्या खुंटीवर सायमीची लाल डांगरी असायची; मी तिला लाली म्हणायचे. सायमी हेल्काची खोलीतली सोबतीण, नर्सिंगला शिकणारी. तिची लाली गळ्यापासून घोट्यापर्यंत बिल्ल्यांनी भरलेली. काय तो तोरा! माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू, तिला कसर लागावी असंही वाटायचं.

एकदा तरी कुणी आपल्याकडे वळून बघावं, एवढंच हेल्काला हवं होतं. तिनं जुन्या बाजारातून बिल्ल्यांचा डबाच आणला आणि आठवड्यात सदतीस शिवले. मी अशी फुगले! आता बघ म्हटलं, लाले.

वाप्पूच्या, म्हणजे एक मेच्या सणाला सगळी पोरं डांगऱ्या घालून चौकात जमली. आमच्या विभागातला थोराड ओत्सो ओरडला, "अरे वा, हेल्का! छुपी रुस्तम निघालीस की!" मग तो माझ्या गुडघ्याशी वाकला. "पण हा बिल्ला तर सत्त्याण्णवच्या शर्यतीचा. तेव्हा आईच्या पोटात तरी होतीस का गं?"

सगळे खो खो हसले. हेल्का रडत खोलीवर आली. मला जमिनीवर फेकून तिनं कात्री घेतली. मागोमाग सायमी आली.

"यातले तुझे किती?"

"तीन."

"ते राहू देत. बाकीचे उसव. आणि कात्री आण इकडे."

कात्री घेऊन तिनं कापला तो लालीचाच पाय! मला उकळ्या फुटल्या. पण लगेच ती म्हणाली, "आता तुझा दे."

आमच्याकडे जिवाभावाची माणसंच असा पाय कापून एकमेकांच्या डांगरीला शिवतात. हेल्का बघतच राहिली. "एवढ्या ओळखी तुझ्या, आणि पाय मला?"

"एकालाच देतात, शहाणे. विचार करूनच देतेय."

तेव्हापासून माझा डावा पाय लाल आहे. दुसऱ्या दिवशी जो तो विचारत होता, "कुणाचा गं?" आणि हेल्का मान वर करून सांगत होती. सदतीस बिल्ल्यांची भोकं माझ्या अंगावर अजून आहेत.

मित्रांनो, एकच मागणं. कुणी विचारलं तर ज्याची गोष्ट सांगता येईल, तेच अंगावर मिरवा. आज मी कपाटात असते. पाहुणे आले की हेल्का मला बाहेर काढते, आणि सगळ्यांची बोटं जातात त्या लाल पायाकडेच. मी जळते हो, अजूनही जळते. माझ्याच पायावर.