बसप्पांच्या कानातलं मशीन

मी एक जुनं कानाचं मशीन आहे, मित्रांनो. नऊ वर्षं मी नळदुर्गच्या बसप्पांच्या उजव्या कानात राहिलं. हायवेलगत त्यांचं पंक्चरचं दुकान. ट्यूबमधून बारीक हवा गळते तीसुद्धा माझ्यामुळं ऐकू येते, असं ते गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

यंदा त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. सोलापूरच्या दवाखान्यात तपासणीआधी मला काढून त्यांच्या पत्नीच्या, शांतम्मांच्या पिशवीत ठेवलं, आणि धावपळीत सगळे मला विसरले.

चौथ्या दिवशी दुपारी बसप्पा एकाएकी बदलले. सलाईनची नळी ओढू लागले. पलंगाखालनं ट्रक येतोय म्हणाले. शांतम्मांनी हात धरला, तर त्यांनी झिडकारला.

"ही बाई कोण हाय? हिला भाईर काढा."

चाळीस वर्षांच्या संसारात असं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. पिशवी पोटाशी धरून बसल्या. चुलतभाऊ महांतप्पा म्हणाले, डोकं फिरलंय, घरी नेऊन उतारा करू.

दुसऱ्या सकाळी बसप्पा गप्प पडून होते. सगळ्यांना हायसं वाटलं. मुलगी अर्पिता मात्र धास्तावली. तिनं वार विचारला, तर ते नुसते छताकडं बघत राहिले. तिनं रुकसाना सिस्टरांना बोलावलं. त्यांनी गाव विचारलं, महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबरच्या मागं गाडी सरकेना.

"हे वेड न्हाय, ताई, आजारपणातला भ्रम हाय," सिस्टर म्हणाल्या. "असं गप पडणं बी त्या भ्रमाचंच लक्षण हाय. काल गडबडले तवाच सांगायचं."

डॉक्टरांनी तपासलं. रक्तातलं सोडियम घटलं होतं, लघवीत जंतुसंसर्ग होता. उपचार सुरू झाले. दिवसातनं दोनदा तेच प्रश्न विचारून, भ्रम किती उतरला ते सिस्टर लिहून ठेवत. यांना ऐकू येतं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कुठं शांतम्मांना मी आठवलं. ऐकू आलं नाही की भ्रम वाढतो, म्हणून नवा सेल घालून मला कानात बसवलं.

दोन दिवस घोर लावणारे गेले. बसप्पा कधी ओळखत, कधी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी शांतम्मांकडं बराच वेळ पाहिलं.

"शांते, म्या तुला काय बोललो गं?"

"काय न्हाय. तुमी चहा घ्या."

मित्रांनो, त्यांचा कर्करोग अजून आहेच. पण तुमच्या घरचं आजारी माणूस अचानक भलतंच बोलू लागलं, किंवा अचानक गप्प झालं, तर त्याला वेडं म्हणू नका. तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरांना सांगा. त्याच्याजवळ बसा. त्याला गाव सांगा, वार सांगा, आपलं नाव सांगा. एकदा नाही कळलं, तर पुन्हा सांगा.