चोथ्याची खपली

धाकट्याने साठी गाठली आणि लग्न करून मोकळा झाला. दोघे भाऊ असेच बिनलग्नाचे राहणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि सगळ्यांत जास्त थोरल्याने. थोरला शिंपी. नजर अधू झाल्यापासून मशीनवर चादर टाकून घरी बसलेला. घरामागचा भाजीचा वाफा धाकट्याचा. बायकोकडे राहायला निघताना बॅग उचलत तो म्हणाला, "दादा, कोपऱ्यावरच्या कॉफीवालीकडून चोथा आणून वाफ्यात टाकत जा. माती भुसभुशीत होते."

थोरल्याने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी बादली घेऊन तो दुकानात हजर! कॉफीवाली बोलकी. ओला, कोमट चोथा बादलीत उपडा करता करता विचारायची, "काका, टोमॅटो काय म्हणतायत?"

"म्हणतायत, बाईंचा हात सढळ आहे."

ती खळखळून हसायची. एवढ्यावर थोरल्याचा दिवस निघायचा. घरी एकट्यापुरती भाजी परतताना उद्या तिला काय सांगायचं, याची तो जुळवाजुळव करी. वाफ्यात थरावर थर चढत गेले. रोपं पिवळी पडली, तरी तिने विचारलं की तो "झकास!" म्हणून ठोकून द्यायचा.

थंडी सरताना धाकटा बायकोला घेऊन आला. पाणी घालायला मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "दादा, अरे हे काय करून ठेवलंयस!"

चोथ्याने काळी, कडक खपली धरली होती. वर पांढरी बुरशी. पाणी मुरेचना, वरच्या वर वाहून जाई.

"तूच सांगितलंस."

"अधूनमधून, मूठभर, मातीत कालवून! रोज बादलीभर कशाला आणत बसलास?"

भावजयीने थोरल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, पुरे आता."

धाकट्याने खपली फोडली आणि वाळका पाला मिसळून कोपऱ्यात ढीग लावला. "हे कुजून खत होईपर्यंत नवा चोथा आणायचा नाही. शपथ आहे तुला." जेवून दोघं उजेडातच निघाले. "भाऊजी, राहायला या की," भावजय म्हणाली. "बघू," तो म्हणाला.

सकाळी पाय सवयीने दुकानाकडे वळले.

"काका, बादली कुठाय?"

"आता चोथा नको. पुष्कळ झाला."

"बरं झालं सांगितलंत. ते रोपवाटिकावाले केव्हाचे मागतायत." आणि ती मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

थोरला बाजूला सरकला. दारापर्यंत गेला, थबकला, परत येऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. पाळी आल्यावर तिने विचारलं, "विसरलात काही?"

"नाही. एक कॉफी द्या. कुठलीही."

"घरी न्यायला?"

"नाही, नाही," तो घाईघाईने म्हणाला, "इथेच बसतो."

त्याने काउंटरजवळची खुर्ची धरली. दुकानात गर्दी वाढत होती. तिला मान वर करायला फुरसत नव्हती.