झोपलेले नोड

सख्खी बहीण विद्यापीठाच्या जोडलेल्या कॉम्प्युटरांचा क्लस्टर सांभाळते आणि त्यावर चालवायचा माझाच जॉब रांगेत कुजतोय. असलं नातं काय जाळायचंय? शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता आणि शेवटचं गणित त्या क्लस्टरवरच व्हायचं होतं. मी तणतणत ताईच्या खोलीत गेले.

"मला पुढे घे."

"पुढेमागे मी नाही, रांग लावणारा शेड्युलर करतो," ताई चहा ढवळत म्हणाली. "तू चाळीस नोड मागितलेस. चाळीस मशीन एकदम मोकळी होईपर्यंत तो एकही देणार नाही. किमान दहा, कमाल चाळीस असं माग. मग असतील तेवढ्यांवर सुरू करेल."

"कालच बदललं ते. मी काय दूधखुळी आहे?"

ताईने कप ठेवून स्क्रीनवर पाहिलं. "दहाही मोकळे नाहीत. शिवाय तुझा वापर फार झालाय, म्हणून नंबर घसरलाय."

"माझा? महिनाभर मी काही चालवलंच नाही."

तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझ्या नावावर तीस नोड सोमवारपासून अडकलेले. काम काय, तर काहीच नाही. प्रोग्रामात एकच ओळ: झोपून राहा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या गाईड सरांनी डेमोसाठी म्हणून माझा पासवर्ड घेतला होता. पाहुणे येणार शनिवारी. तोवर कोणी हात लावू नये म्हणून या माणसाने माझ्या नावाने नोड रिकामे अडवले, आणि शेड्युलर शिक्षा मला देतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी तिथूनच सरांना फोन लावला.

"अगं, आपल्या ग्रुपचंच काम ना," सर म्हणाले. "प्रबंध पुढच्या सहामाहीत दे. आणि सही माझीच लागते, विसरू नकोस."

माझी फेलोशिप याच महिन्यात संपतेय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी फोनवर हात ठेवून ताईला विचारलं, "हा झोपलेला जॉब किल करशील?"

"करेन. पण जॉब तुझ्या नावावर आहे," ती म्हणाली आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

मी जॉब किल केला, तीसही नोड मोकळे झाले.

"सर, नसलेल्या प्रबंधावर तुमची सही घेऊन मी काय करू?" एवढं बोलून फोन ठेवला.

रांगेत पुढे असलेल्यांनी आपापले नोड घेतले. उरलेले बारा शेड्युलरने मला दिले. शुक्रवारपर्यंत बारा पुरतात. फोन पुन्हा वाजायला लागला, तसा ताईने तो पालथा घातला.

"आधी पासवर्ड बदल," ती म्हणाली.