डाव्या हाताचा अंगठा

नवशिक्यांच्या पियानोच्या पुस्तकावर ‘अतिशय सोपे’ असं ठळक छापलेलं असतं. छापणाऱ्याचं काय जातं? त्याला आठ वर्षांच्या चिऊशेजारी बसायचं नसतं.

चिऊच्या वडिलांची अट होती. शनिवारच्या कार्यक्रमात तिने एका जुन्या दरबारी नाचाची दोन पानी धून न अडखळता वाजवली तर क्लास चालू, नाहीतर सोमवारपासून पोहणं. चिऊला पाणी बादलीतलंही आवडत नाही.

माझी पद्धत साधी आहे. सुरुवातीला प्रत्येक स्वरावर बोटाचा आकडा पेन्सिलने लिहायचा, आणि दर आठवड्याला थोडे थोडे आकडे पुसत जायचं. आकडा म्हणजे पांगुळगाडा, लग्नापर्यंत वापरायचा नसतो.

मंगळवारी चिऊ वाजवायला बसली आणि तिच्या डाव्या हाताचा खेकडा झाला. अंगठा करंगळीच्या जागी, करंगळी मनगटाखाली. पान पाहिलं तर पुसलेल्या प्रत्येक जागी निळ्या शाईत ठसठशीत आकडे.

“हे कुणी लिहिलं गं?”

“बाबांनी. म्हणाले, बाई लिहिलेलंच पुसतात, मग शिकवतात काय?”

बाबा न्यायला आलेच. पूल बांधतात ते. अशा माणसाला पाच बोटं मोजता येत असतील, असा माझा आपला समज.

“साहेब, डाव्या हाताला हे आकडे कसे दिलेत?”

“डावीकडून उजवीकडे. एक, दोन, तीन. सगळं जग तसंच मोजतं.”

“बाबा, अंगठा एक असतो!” चिऊ म्हणाली. “दोन्ही हातांचा!”

“पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलंय,” मी म्हटलं. “चित्रासकट.”

“पहिलं पान कोण वाचतं हो?”

“अगदी बरोबर. तुमच्या पुलावरून यापुढे मी जरा जपूनच जाईन. बसा आता. अंगठा एक धरा आणि तुम्ही लिहिलंय तसं वाजवा.”

साहेब बसले. तिसऱ्या स्वराला त्यांचं कोपर टेबललॅम्पला लागलं. चिऊ स्टुलावरून पडायची बाकी होती.

पण हसणं आटोपल्यावर तिचा चेहरा उतरला. “बाई, शाई पुसली जात नाही. आणि शनिवार आलाच.”

“मग काय करायचं?”

तिने जरा विचार केला आणि कात्री मागितली. पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापून तिने आकडे झाकले, निळे आणि माझे पेन्सिलचे उरलेसुरलेही. आता पानावर फक्त ठिपके आणि रेघा राहिल्या. बरं झालं. मला याच कामाला आणखी दोन महिने लागले असते. डिंक साहेबांनी लावला, तेवढं त्यांना जमलं.

शनिवारी पहिलं पान सुरेख झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर चिऊ थांबली. सभागृहात कुणीतरी खोकलं. तिने मान पुढे केली, ठिपका नीट पाहिला, डावा अंगठा सरकवला आणि शेवटपर्यंत वाजवलं.

टाळ्या संपायच्या आत ती धावत आली. बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

“अडखळली हो,” मी म्हटलं. “अट तुमचीच होती.”

“कुठे?” साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. “मला नाही ऐकू आलं.”

पोहण्याच्या क्लासमधली एक जागा त्यामुळे रिकामी राहिली. मी साहेबांना म्हटलं, तुम्हीच जा. मात्र पाण्यात उतरण्याआधी पहिलं पान वाचा.