मेलेल्या कोकराचे कातडे

सुज्ञ वाचकहो, मनुष्याच्या चुकीहून परमेश्वराची कृपा थोर असते, याविषयी माझ्याच मेंढवाड्यात घडलेली हकिकत मी यथामती निवेदन करीत आहे.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांनी घरी परतला. राखणीवर असता लांडगा आला, तेव्हा हा कळप टाकून पळाला होता. अकरा मेंढ्या फाडल्या गेल्या, आणि हा त्याच वाटेने परागंदा झाला. आता बगलेत बायबल घेऊन दारात उभा!

"दादा, मला पुन्हा कळपावर घे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी जाणून होतो. आईच्या शब्दाखातर ठेवून घेतले, परंतु कळपाची काठी दिली नाही. लेंड्या काढावयास लावले. तो प्रार्थनेस डोळे मिटी, तेव्हा मी माझे उघडे ठेवीत असे.

एके थंड सकाळी मेंढवाड्यात शिरलो, तो धाकट्याच्या हाती रक्ताळलेली सुरी, आणि पुढ्यात सोललेले कोकरू.

"सापडलास! खाटकाशी कधी ठरलं रे तुझं?"

"मेलेलंच जन्मलं ते, दादा. हळू बोल, मेंढी बुजेल."

"आता मेंढीची काळजी! लांडग्याच्या वेळी कुठं गेली होती?"

कोपऱ्यात दुसऱ्या एका मेलेल्या मेंढीचे पोरके कोकरू थरथरत होते. मेलेल्या कोकराचे ते ओले कातडे धाकट्याने त्या पोरक्याच्या अंगावर चढविले व मेंढीस आपल्याच पिलाचा वास यावा म्हणून त्यास तिच्यापुढे सोडले.

मागून आई म्हणाली, "बायबलातला याकोबही असाच कातडी लेऊन, थोरला भाऊ बनून आंधळ्या बापापुढं गेला होता."

"म्हणजे लबाडच की!"

"लबाडच. तरी देवानं टाकला का त्याला?"

मेंढीने हुंगले, ढुशी दिली, पुन्हा हुंगले.

"थेट थोरल्यासारखी आहे बया," आई पुटपुटली.

अखेर कोकरू आचळाला लागले.

"फसली बिचारी," मी म्हणालो.

"आज फसली. परवा कातडं काढीन, मग बघ."

"आणि लाथाडलं तर?"

"तर मीही जातो, दादा. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

तिसऱ्या दिवशी त्याने कातडे काढले. खरे सांगतो, तिने लाथाडावे असेच माझ्या मनात होते. कोकरू उघडे पडले. अंगावर लपावयास काही नाही. मेंढीने त्यास शेपटीपासून मानेपर्यंत हुंगले. मग तिने पाय किंचित फाकविले व त्यास पोटाखाली घेतले.

"कळलं नाही वाटतं तिला," मी म्हणालो.

"कळलं की," धाकटा हसला. "पण आता त्याच्या पोटात तिचंच दूध आहे."

मी आत जाऊन काठी आणली.

"धर. आणि लांडगा आला तर?"

"या वेळी आधी मला खाईल."

तो कळप घेऊन निघाला. मी टेकाडापर्यंत मागे गेलो, हे कशास लपवू? मात्र झाडाआडून नव्हे, त्यास दिसेल असा गेलो.

माझे अडाण्याचे बोल आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
मेंढवाड्यातला थोरला