निळी पोती

"पुन्हा नमुना घे," साहेब म्हणाले.

"का? पहिल्याला काय धाड भरली?"

साहेब चष्मा पुसायला लागले. अडचणीत सापडले की ते चष्मा पुसतात. पाच वर्षं बघतेय, काच झिजली असेल एव्हाना.

साठ पोती शेंगदाणे. बालवाडीतल्या पोरांच्या खाऊच्या पाकिटांत जायचे होते. मी प्रत्येक पोत्यात पोकळ सळई खुपसून दाणे काढले, सगळे एकत्र दळले आणि तपासले. बुरशीचं विष मर्यादेच्या चौपट निघालं. हे विष भाजून जात नाही, धुऊन जात नाही, जिभेला तर कळतही नाही. पोरांच्या यकृतात मुक्काम ठोकतं मेलं!

आणि साहेबांची युक्ती मला तोंडपाठ होती. बुरशी सगळ्या दाण्यांना सारखी धरत नाही. हजार दाणे चांगले असतात आणि सगळं विष एखाद्याच दाण्यात असतं. नेमकी चार बरी पोती निवडून नमुना घेतला, की माल पास.

"साहेब, ही तपासणी आहे की लॉटरी? नंबर लागेपर्यंत तिकिटं काढत बसायची?"

"गोदाम तुझा भाऊच सांभाळतो ना?" ते हळूच म्हणाले. "माल नापास झाला तर मालक आधी त्याला हाकलेल. विचार कर."

बरोबर वर्मावर बोट ठेवलं. दादाची नोकरी गेली तर या वयात त्याला कोण दारात उभं करणार? मग असा संताप आला म्हणता!

नियमांचं पुस्तक मी साहेबांपेक्षा जास्त वेळा वाचलंय. मर्यादेच्या तिपटीवर गेलेल्या मालाची फेरतपासणी नाही. तपासणारीने सही करायची आणि त्याच दिवशी पोत्यांत निळा रंग ओतायचा, म्हणजे तो माल परत कुणाच्या तोंडी लागत नाही. सही तपासणारीची, साहेबांची नाही. मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने सही ठोकली आणि रंगाचे कॅन रिक्षात घातले.

गोदामाच्या दारात दादा स्टुलावर बसला होता. "ये. मालकांचा फोन आला होता. नमुन्यासाठी ही चार पोती पुढे काढून ठेवलीत."

"नमुना नाही घ्यायचा. बाजूला हो, दादा."

त्याने कॅन बघितले आणि ताडकन उठला. "डोकं फिरलंय का तुझं? सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?"

"हो, देते! रडू येतंय, लाज वाटतेय, तरी देते. तू मला कडेवर घेऊन फिरवलंस ते मी विसरले नाही. पण हे दाणे पोरांना खाऊ घालायला मी हातभार लावणार नाही."

"छप्पर गळतंय, पोती भिजतायत म्हणून मालकांना तीनदा सांगितलं होतं गं मी," तो पुटपुटला.

"मग तसं लिहून दे. खाली साक्षीला मी सही करते."

मी एकेका पोत्याचं तोंड फाडत गेले, रंग ओतत गेले. कोपरापर्यंत हात निळे झाले. साठावं पोतं झालं तेव्हा कॅनच्या तळाशी जेमतेम तांब्याभर रंग उरला होता. दादा पाठमोरा उभा होता. आता हा जन्मात माझं तोंड बघणार नाही, असं वाटलं.

त्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला.

"एवढीच नाहीत. याच मालातली बारा पोती मागच्या खोलीत आहेत. तू सळई घेऊन आलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी माझ्याकडूनच हलवून घेतली."

मी कॅन हलवून बघितला. "दादा, रंग संपलाय रे."

"त्यात पाणी घाल," तो कुलूप काढत म्हणाला, "आणि चल लवकर. चारला मालक येतात."