साखऱ्याच्या विहाराचा नकाशा

"काका, साखऱ्याच्या विहाराचा नकाशा सापडला का?" साक्षीनं दुसऱ्यांदा विचारलं, आणि तातेरावांच्या मनात पाल चुकचुकली. कपाटात शंभराच्या वर नकाशे. त्यातला हिला नेमका तोच काहून पाहिजे?

"बघावं लागंल मॅडम," ते म्हणाले. "लई जुनं काम हाये."

जुनं कसलं, त्यातली रेघ न् रेघ त्यांना पाठ होती. हिंगोलीत शंकरसिंग साहेबांच्या आर्किटेक्ट ऑफिसात तातेराव बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. साहेबांनी पेन्सिलीनं चार रेघा मारून द्यायच्या आणि तातेरावांनी ट्रेसिंग पेपरवर शाईनं त्या रेघांचं घर उभं करायचं, हा शिरस्ता. एकदाच तो मोडला. तातेरावांच्या गावात, साखऱ्याला, बुद्धविहार बांधायचं ठरलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "तुमच्या गावचं काम, तुम्हीच करा." कमान, पायऱ्या, अंगणातला पिंपळ, सगळं तातेरावांच्या डोक्यातलं. साहेबांनी एकही रेघ न बदलता खाली सही ठोकली होती.

आता दोन हजार चार साली साहेबांच्या डोक्यात वेबसाईटचं खूळ शिरलं होतं. नांदेडहून तिघं जण कॉम्प्युटर आणि स्कॅनर जीपमध्ये घालून आले होते. अफरोज त्यांचा म्होरक्या, भीमराज कॅमेरेवाला, आणि स्कॅनरवर बसणारी ही साक्षी. त्यांना नकाशे काढून द्यायचं काम तातेरावांकडे आलं होतं. म्हणजे चोराच्या हाती आपणच किल्ली द्यायची. परभणीकडच्या एका ड्राफ्ट्समनची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. तिथंही असेच नकाशे मशीनमध्ये गेले आणि महिन्याभरात माणूस घरी गेला. लेकीचं लग्न व्हायचं होतं बिचाऱ्याच्या.

त्यात भीमराज कॅमेरा घेऊन टेबलाशी आला. "काका, पेन धरा की. हात तसाच ठेवा."

"हाताचा फोटो काहून?"

"वेबसाईटला लागतो."

"तोंडाचा न्हाई लागत?"

भीमराज नुसता हसला. तातेरावांना ते हसणं काही बरोबर वाटलं नाही. हात ठेवायचा आणि माणूस काढायचा, असा डाव दिसतोय म्हणायचा.

खरी ठिणगी पडली ती चौथ्या दिवशी. चहा द्यायच्या निमित्तानं ते साक्षीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघतच राहिले. प्रत्येक नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. वर ऑफिसचं नाव, मध्ये साहेबांची सही आणि तळाशी बारीक अक्षरात 'रेखाटन : ता.' बावीस वर्षांत तातेरावांनी स्वतःचं नाव कुठं लिहिलं असेल तर एवढंच, तेही अर्धं. साक्षी एकेक नकाशा पडद्यावर घेत होती आणि तो कोपरा कापून बाजूला टाकत होती. खट्, की गेला कोपरा. खट्, की गेला दुसरा.

विचारायचं होतं तर तेव्हाच विचारायचं. पण संशयानं भरलेला माणूस विचारत नाही, त्याला सगळं आधीच कळलेलं असतं.

"काका, तो विहाराचा?" साक्षीनं चहा घेता घेता विचारलं.

"उंदरानं खाल्ला," तातेराव म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "पूर्ण?"

"पार भुगा."

त्या दिवशी संध्याकाळी विहाराचा नकाशा पत्र्याच्या नळ्यात घालून त्यांनी घरी नेला. रविवारी दुपारी चंदाबाई, त्यांची बायको, शेजारी पापड लाटायला गेली तेव्हा त्यांनी तो जमिनीवर पसरला. तळाशी साहेबांची सही होती. ती बघून त्यांचं डोकं सणकलं. माझी कमान, माझा पिंपळ, आणि नाव ह्यांचं? आता माझं 'ता.' पण कापायला निघाले?

ट्रेसिंगवरची शाई चुकली की ब्लेडनं अलगद खरवडतात. तातेरावांचा त्यात हातखंडा होता. त्यांनी दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं, सवयीनं पट्टी लावली आणि साहेबांची सही खरवडायला बसले. पण अलगद खरवडायला मन थाऱ्यावर लागतं. एका जागी कागद फाटला. मग त्यांनी पट्टीच्या कडेनं तो सहीचा तुकडाच कापून काढला आणि चुलीत टाकला. बरं वाटलं त्यांना. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी वेबसाईट सुरू झाली. पेढे आले, साहेबांनी सगळ्यांना कॉम्प्युटरभोवती गोळा केलं. तातेराव मागे दाराशी उभे होते. आज ना उद्या साहेब आपल्याला आत बोलावून घरी पाठवणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"तातेराव, पुढे या," साहेब म्हणाले. "तुमचं पान बघा."

पडद्यावर एक हात होता. पेन धरलेला, नखाशी शाई लागलेला. वर आख्खं नाव लिहिलं होतं, तातेराव जळबा खिल्लारे, साखरा. आणि त्याखाली ओळीनं ते कापलेले कोपरे लावलेले. ता., ता., ता. बावीस वर्षांचे सगळे.

"कोपरे मोठे करून लावले काका," साक्षी म्हणाली. "नकाशात ते कुणाच्या नजरेसच पडत नव्हते."

पानाच्या मधोमध एक करडी चौकट रिकामी होती. खाली लिहिलं होतं, 'साखरा येथील विहार. मूळ नकाशा उपलब्ध नाही.'

"साहेबांनी यादीत पहिलं तेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "सही माझी असली तरी काम तातेरावांचं आहे, त्यांच्याच नावानं लावा, म्हणाले."

"उंदरांनी घात केला," साहेब म्हणाले. "हळहळ वाटते हो."

तातेरावांनी हातातला पेढा तसाच खिशात टाकला. घरी जाऊन आणू का? आणला तर आधी तो कोपरा दिसणार. नकाशा दाखवायचा म्हणजे ब्लेड दाखवायचं.

"एखादा तुकडा सापडला तरी पाठवा काका," साक्षी म्हणाली. "मी लगेच लावते."

"पाठवतो पोरी," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला मॅडम म्हटलं नाही.

घरी येऊन त्यांनी नकाशा नळ्यातून काढला आणि खिडकीच्या उजेडाशी धरला. पिंपळाचं पान न् पान उजेडात दिसत होतं. तळाशी बोटभर चौकोनातून समोरची भिंत दिसत होती, आणि त्याच्याखाली 'रेखाटन : ता.' शाबूत होतं.

चंदाबाई भाकरी टाकता टाकता उठून आली. "ह्ये कशानं झालं?"

"उंदरानं."

तिनं चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. "उंदीर असा सरळ कुरतडतो व्हय?"

"ह्यो शिकलेला व्हता," तातेराव म्हणाले. "बावीस सालाचा सराव व्हता त्याला."

ती हसली. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हात पुसले आणि नकाशाचं दुसरं टोक धरून, घडी पडू न देता, गुंडाळायला लागली.